चुलीच्या देवाचे ओठ

माझा प्रबंध तिघा परीक्षकांनी वाचला. माझ्या प्रोफेसरांनी त्यातला प्रत्येक आलेख दोनदा तपासला. यांच्यापैकी एकालाही जे सापडलं नाही, ते आज मी तुम्हाला सांगणार आहे. आजवर ते माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही — आईजवळ नाही, जिवलग मैत्रिणीजवळ नाही, एकटी असताना स्वतःशी मोठ्याने बोलतानाही नाही.

मी मुद्द्यावर लवकर येणारी बाई आहे. बैठकीत मला दहा मिनिटं दिली तर माझं सहा मिनिटांत संपतं, आणि उरलेल्या चार मिनिटांत लोक प्रश्न विचारतात ज्यांची उत्तरं माझ्याकडे तयार असतात. तरी या मजकुराची सुरुवात मी चार वेळा खोडली. का? मुद्दा सापडत नाही म्हणून? नाही — तो कुठे आहे हे मला नेमकं माहीत आहे. दोन वर्षं मी त्याला वळसा घालून चालते आहे, इतकंच.

तर क्रमाने सांगते.

मी नाशिकची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पीएच.डी.साठी ब्राउनश्वाइगला आले. आता स्टुटगार्टला गाड्यांच्या रंगाचे थर तपासते. तेव्हा कागदावरच्या देवांचे रंग तपासत होते. शहराजवळच्या एका लहानशा संग्रहालयाने चिनी लोकदेवतांच्या छापील चित्रांचं प्रदर्शन ठरवलं होतं, आणि त्या चित्रांत कोणते रंग वापरले आहेत हे शोधण्याचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे, म्हणजे माझ्याकडे, आलं होतं. दाराच्या दोन फळ्यांवर समोरासमोर चिकटवायचे मिशाळ, शस्त्रधारी द्वारपाल. पक्ष्याची चोच असलेला मेघगर्जनेचा देव, हातात हातोडा आणि छिन्नी. मांडीवर, खांद्यावर, पदरात मुलंच मुलं असलेली एक देवी. चंद्रावर बसून औषध कुटणारा ससा. लाकडी ठशांनी स्वस्त कागदावर छापलेली ही चित्रं वर्षभर भिंतीवर राहायची आणि वर्ष संपलं की जाळली जायची. ती टिकावीत अशी कुणाची इच्छाच नव्हती.

माझ्या जर्मन सहकाऱ्यांना हे फार विचित्र वाटे. देवाला कुणी दर वर्षी जाळतं का? मला मात्र त्यात नवल वाटलं नाही. आमच्या घरी श्रावण आला की आई बाजारातून जिवतीचा कागद आणते — वर नरसिंह आणि कालियामर्दन, मध्ये लेकरं खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती — आणि देवघराशेजारी भिंतीला लावते. आघाड्याची माळ घालते, मला पाटावर बसवून ओवाळते. पुढच्या श्रावणात नवा कागद येतो. कागदातला देव जुना होतो, त्याला निरोप द्यावा लागतो, ही गोष्ट मला शिकायची नव्हती. म्हणूनच त्या प्रदर्शनावर काम करणाऱ्यांत ही चित्रं सगळ्यांत जास्त मलाच कळतात, अशी माझी समजूत होती. ती बरोबरही होती. हे लक्षात ठेवा.

प्रदर्शनातलं सगळ्यात साधं चित्र संग्रहालयाच्या मालकीचं नव्हतं. ते फ्राउ लिन — म्हणजे लिनबाई — यांनी उसनं दिलेलं होतं. फ्राउ लिन अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. हाँगकाँगजवळच्या एका खेड्यातून विसाव्या वर्षी लग्न करून जर्मनीला आल्या, नवऱ्याबरोबर पस्तीस वर्षं ब्राउनश्वाइगमध्ये हॉटेल चालवलं, आणि नवरा गेल्यावर दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत होत्या. चित्र आणायला संग्रहालयाने मलाच पाठवलं. मी माझ्या निवडक, व्याकरणशुद्ध जर्मनमध्ये ओळख करून दिली, तर त्या हसल्या.

"तुझं जर्मन कागदावरचं आहे, पोरी. माझं स्वयंपाकघरातलं. बस, चहा घे."

चित्र होतं चुलीच्या देवाचं; गुंडाळी त्यांनी माझ्यासमोरही उघडली नाही, आतलं मी नंतर प्रयोगशाळेतच पाहिलं. लालसर चेहऱ्याचा, बारीक दाढीचा, शेजारी बायको, पायाशी कोंबडा आणि कुत्रा. हा देव चुलीच्या वरच्या भिंतीवर बसून वर्षभर घरातलं सगळं पाहतो — कोण कुणाला काय बोललं, कुणी काय लपवलं — आणि वर्ष संपताना स्वर्गात जाऊन सांगतो. म्हणून निघण्यापूर्वी घरचे लोक त्याच्या ओठांना मध लावतात. मग तो गोड तरी बोलेल, नाहीतर ओठ चिकटून गप्प तरी बसेल. नंतर कागद पेटवायचा. धुराबरोबर देव वर.

"आणि हा गेला नाही?" मी विचारलं.

"याला आईने पाठवलाच नाही. मी इकडे यायला निघाले ते त्याच्या जायच्या आदल्या आठवड्यात. आईने भिंतीवरून काढला, गुंडाळला आणि माझ्या पेटीत ठेवला. म्हणाली, तिकडे तुझ्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं." त्या कपात बघत हसल्या. "अठ्ठावन्न वर्षं उघडला नाही मी. त्या एका वर्षाच्या चुगल्या अजून पोटात घेऊन बसलाय. उघडला असता तर माझ्याही भानगडी पाहिल्या असत्या."

मग, मी न विचारता, त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांना एक धाकटी बहीण होती, मेई नावाची. सतरा वर्षांनी लहान. ज्या वर्षी हा देव भिंतीवर होता त्याच वर्षी फ्राउ लिन शहरात शिवणाच्या कारखान्यात कामाला होत्या. शरदात घरी आल्या तेव्हा मेई नव्हती. आई म्हणाली, ताप आला, दोन दिवसांत गेली. गावातल्या बायका दुसरंच बोलत — पोरीला लांबच्या गावी कुणाला तरी देऊन टाकलं म्हणून. आईला त्यांनी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"मी आईवर विश्वास ठेवायचं ठरवलं," फ्राउ लिन म्हणाल्या.

ठरवलं. हा शब्द तेव्हा मी नुसता ऐकला. आईचा फोटो त्यांच्या स्वयंपाकघरातच होता, फळीच्या वर खिळ्याला लावलेला. समोर बशीत तीन संत्री.

आता प्रयोगशाळेत येते.

आमच्या पद्धतीत लेसरचा बारीक किरण रंगावर सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तो रंग कोणता ते ओळखायचं. शेंदूर वेगळं उत्तर देतो, हिंगूळ वेगळं, नीळ वेगळं. जुन्या कागदावर किरणाची ताकद अगदी कमी ठेवावी लागते, शंभरातला एक भाग. त्यासाठी एक फिल्टर असतो. सकाळी यंत्र जुळवताना मात्र सिलिकॉनच्या तुकड्यावर पूर्ण ताकद वापरतात. जुळवून झालं की फिल्टर परत लावायचा. एक बटण. त्या दिवशी मी ते दाबलं नाही.

घाईत होते? नव्हते. थकले होते? नव्हते. मी हे काम शेकडो वेळा बिनचूक केलं होतं, आणि शेकडो वेळा बिनचूक केलेल्या कामाकडे आपण बघत नाही — एवढंच त्याचं कारण आहे.

मी देवाच्या ओठांवर आठशे बिंदूंची जाळी आखली. मला मधाचा अंश शोधायचा होता. आईने निघताना त्याला मध लावला असेल का? इतक्या वर्षांपूर्वीची साखर सापडली असती तर त्यावर फार सुंदर शोधनिबंध झाला असता. आधी, नियमाप्रमाणे, सूक्ष्मदर्शकातून ओठांचा फोटो काढला. यंत्र सुरू केलं आणि मेन्झात, विद्यापीठाच्या खानावळीत, जेवायला गेले. बटाट्याचं सूप घेतलं. एका सहकाऱ्याशी परिषदेच्या तारखांबद्दल बोलले. सव्वा तासाने परत आले तेव्हा देवाचे ओठ काळे पडले होते.

तांदळाच्या कणीएवढा डाग. नुसत्या डोळ्यांना तो चटका वाटे. भिंगाखाली धरला की मात्र आठशे ठिपके दिसत, आडव्या आणि उभ्या रांगांत, कवायतीला उभे राहावेत तसे. कोणतीही उदबत्ती, कोणताही निखारा, कोणताही मानवी हात असं जाळत नाही. असं फक्त यंत्र जाळतं.

इथवर गुन्हा नाही. हे मी स्वतःची बाजू मांडायला म्हणत नाही, वर्गीकरण म्हणून म्हणते. अपघात हा अपघात असतो, आणि जर्मनीत प्रत्येक अपघाताचा एक फॉर्म असतो. मी तो उघडलाही. नाव लिहिलं, यंत्राचा क्रमांक लिहिला. "घटनेचं वर्णन" या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला. बाहेर जिन्यावर प्रोफेसरांची पावलं वाजली — आणि मी ती खिडकी बंद केली.

प्रोफेसर माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर संपूर्ण चेहरा होता; ठिपके दिसत नव्हते, डाग दिसत होता. ते अबोल गृहस्थ. त्यांनी एकच शब्द विचारला.

"उदबत्ती?"

मी म्हणाले, "गेनाऊ."

या देशात राहणाऱ्या कुणालाही विचारा, हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तोंडातून जातो. बरोबर, हो ना, तेच ते — आपण बोलता बोलता "हं, हं" करतो तसा. मग तो मी सवयीने म्हटला की समजून? हा प्रश्न मी पुष्कळ तपासला आहे, आणि त्याचं उत्तर सोपं आहे. फॉर्मची खिडकी मी आधी बंद केली होती. शब्द नंतर आला. म्हणजे समजून.

तुम्ही म्हणाल, भीती वाटली असेल. वाटली. प्रबंधाची मौखिक परीक्षा तीन महिन्यांवर होती, स्टुटगार्टच्या कंपनीने होकार कळवला होता आणि त्या होकाराला पदवीची अट होती. उसनी आणलेली वस्तू पूर्ण ताकदीच्या लेसरखाली सोडून जेवायला जाणारी संशोधक — अशा माणसाला मी स्वतः नोकरी दिली नसती. पण भीती त्या एका मिनिटापुरती होती. पुढे जे केलं ते भीतीने केलेलं नाही. ते मी कुशलतेने केलं.

पुढच्या आठवड्यात मी डागाची कडा पुन्हा मोजली, या वेळी योग्य ताकदीवर. अहवालात लिहिलं: ओठांवर जळल्याची मर्यादित खूण आहे. तिथे कार्बन आढळतो. भोवतालच्या शेंदरावर उष्णतेचा परिणाम दिसतो. यातलं एकही वाक्य खोटं नाही. आज कुणीही ते तपासलं तरी खरंच निघेल. खोटं बोलण्याची ही आमच्या क्षेत्रातली सगळ्यात शुद्ध पद्धत आहे — फक्त खरं लिहायचं, आणि एक ओळ लिहायची नाही.

आणि तो आधीचा फोटो? ज्यात ओठ शेंदरी आहेत, स्वच्छ आहेत, ठशाच्या कडेला रंग किंचित ओसंडलेला आहे? तो मी पुसला नाही. मूळ नोंद कधीही नष्ट करायची नाही, हे माझ्या हाडीमासी इतकं भिनलं आहे की खोटं बोलतानाही मला ते मोडता आलं नाही. मी फाइलचं नाव बदललं आणि माझ्या स्वतःच्या डिस्कवर, घरच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये टाकली. तिथे ती आईच्या जिवतीच्या फोटोशेजारी जाऊन बसली.

संग्रहालयाने माझ्या अहवालावरून पाटी तयार केली. "ओठांवरची जळल्याची खूण मुद्दाम केलेली दिसते, देवाने घरातलं काही उघड करू नये, हा त्यामागचा हेतू असावा." मुद्दाम हा शब्द माझा नाही. पण पाटीचा मजकूर तपासायला माझ्याकडेच आला होता. मी त्यात एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि परत पाठवला.

एकाच व्यक्तीने शंका काढली. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी आईला ही गोष्ट रंगवून सांगितली — देव, मध, जळलेले ओठ. आई गवार मोडत होती. तिने मान वर केली.

"अगं, पण देवाच्या तोंडाला निखारा कोण लावेल? तोंडाला नैवेद्य दाखवतात. तूच म्हणालीस ना, त्यांच्यात मध लावतात म्हणून? मध हाताशी असताना जाळायला कोण जाईल?"

वर्षानुवर्षं देवांचे कागद भिंतीला लावणाऱ्या बाईला जे एका क्षणात दिसलं, ते तीन परीक्षकांना दिसलं नाही. मी काय म्हणाले? "आई, हा तुझा विषय नाही."

"बरं बाई. तुझा विषय." आणि ती पुन्हा गवार मोडू लागली.

प्रदर्शनाचं उद्घाटन झालं त्या संध्याकाळी फ्राउ लिन निळं रेशमी जाकीट घालून आल्या होत्या. आल्या त्या थेट आपल्या देवाकडे गेल्या, चष्मा बदलला, पाटी वाचली. मग पुन्हा वाचली. मी काचेच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते.

"मुद्दाम म्हणजे? कुणीतरी हातात धरून?"

मी काचेला वळसा घालून त्यांच्या बाजूला आले.

"फ्राउ डॉक्टर," — त्या मला चेष्टेने पहिल्या दिवसापासून असंच म्हणत, पदवी मिळायच्या आधीपासून — "फ्राउ डॉक्टर, तू यंत्रातून पाहिलंस ना? चूक नाही ना?"

इथे मला थांबायचं आहे. कारण इथे मला थांबता आलं असतं. दालनात वीसेक माणसं होती, कुणी आमच्याकडे पाहत नव्हतं. म्हातारी बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती, आणि तिचा प्रश्न अगदी सरळ होता. चूक नाही ना?

"मोजणीत चूक नाही," मी म्हणाले.

हेही खरंच होतं, बघा.

त्या पुन्हा काचेकडे वळल्या. मग हळू, जवळजवळ स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे मेईला दिलंच होतं. म्हणून आईने याला जाळलं नाही. तोंड बंद केलं आणि माझ्या पेटीत घालून देशाबाहेर काढलं. लक्ष ठेवायला म्हणे!" त्या हसल्या, पण ते हसणं चहाच्या दिवशीचं नव्हतं. "अठ्ठावन्न वर्षं मी स्वतःला विचारत बसले. आणि याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं."

मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि माझे आभार मानले.

सहा आठवड्यांनी मी डॉक्टर झाले. चौथ्या प्रकरणाचं, ओठांवरच्या खुणेचं, परीक्षकांनी खास कौतुक केलं. रसायनशास्त्राने एका घराचा इतिहास उलगडला, असं त्यांच्यापैकी एक जण म्हणाले. मी मान लववली.

अजून मुद्दा यायचा आहे. तुम्हाला वाटलं असेल तो आला. नाही.

प्रदर्शन संपलं, चित्र फ्राउ लिनकडे परत गेलं, आणि हिवाळ्यात त्यांचा फोन आला: चुलीच्या देवाला निरोप देण्याचा दिवस आहे, त्याला आता मोकळा करते, तू ये. दुपारी चारला गेले. त्यांनी ओट्यावर जुनी लोखंडी कढई ठेवली होती. खिडकी उघडली होती. आणि छताच्या राउखमेल्डरवर, धुराचा वास आला की किंचाळणाऱ्या त्या पांढऱ्या डबीवर, अंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवलेली होती.

"घरमालक म्हणतो ही डबी काढायला बंदी आहे. झाकायला बंदी आहे असं नाही म्हणाला."

मी खुर्चीवर चढून टोपीचं इलॅस्टिक नीट बसवलं. हे काम मी हसत केलं.

मग त्यांनी मधाची बरणी काढली. मी म्हणाले, आता मध कशाला, त्याला तर बोलू द्यायचं आहे ना? त्यांनी करंगळीवर मध घेतला आणि त्या काळ्या कणीवर अगदी हलक्या हाताने टेकवला, लहान मुलाला औषध लावावं तसा.

"भाजल्यावर मध लावतात. गप्प करायला नाही. दुखत असेल त्याला."

कढईत कागद ठेवताना त्यांनी मला त्या देवाची गोष्ट सांगितली. हा आधी माणूस होता. दुसरीच्या नादाने त्याने चांगली बायको टाकली. मग सगळं गेलं, डोळेही गेले, भीक मागत फिरू लागला. एका दारात एका बाईने त्याला जेवू घातलं. घास ओळखीचा लागला — ती तीच बायको होती. लाजेने त्याने तिच्याच पेटत्या चुलीत उडी घेतली. "म्हणून याला चुलीचा देव केलं," फ्राउ लिन म्हणाल्या. "घरात कोण काय लपवतंय ते याला लगेच कळतं. स्वतः केलंय ना सगळं."

मी त्या कढईपासून दोन हातांवर उभी होते. मला तेव्हा सुचलं ते असं, की हा माणूस बायकोशी एक शब्दही बोलला नाही. बोलण्यापेक्षा त्याला आग सोपी वाटली.

त्यांनी काडी ओढली. आधी कोंबडा गेला, मग कुत्रा, मग दोन्ही चेहरे. कागद वळला, काळा झाला, त्याचे पापुद्रे वर उचलले गेले. फ्राउ लिन कँटोनीजमध्ये काहीतरी पुटपुटत होत्या. मला त्यात एकच शब्द कळला, मेई. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

आणि मी? मी आठशे ठिपके जळताना पाहत होते. भिंगाखाली धरले असते तर जे मला एका मिनिटात उघडं पाडू शकत होते, ते ठिपके. आता जगातलं कुठलंही भिंग काही दाखवू शकणार नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं. हलकं, स्वच्छ, जवळजवळ आनंदी — चांगला निकाल लागल्यावर वाटतं तसं. एक म्हातारी बाई आपल्या आईचा गुन्हा देवाच्या स्वाधीन करून रडत होती, तो गुन्हा मी तयार केलेला होता, आणि तिच्या शेजारी उभं राहून मला बरं वाटत होतं.

हा मुद्दा.

निघताना त्यांनी मला नव्या वर्षाचा नवा देव दिला. तो माझ्या स्टुटगार्टच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या वर आहे. फ्राउ लिन वर्षातून दोनदा फोन करतात. मी चांगली बोलते. त्यांना वाटतं मी त्यांची भाची असायला हवी होते.

या फेब्रुवारीत, त्यांच्या नव्या वर्षाला, मी संत्री घेऊन गेले. सवयीने ती फोटोसमोरच्या बशीत ठेवायला वळले, तर बशी नव्हती. भिंतीवर नुसता खिळा होता आणि त्याखाली रंगाचा एक फिकट चौकोन.

"आईचा फोटो?"

"कपाटात." त्या चहाची पानं मोजून घालत होत्या. "पोटची पोर दिली, वर देवाचं तोंड जाळलं. अशा बाईपुढे जन्मभर संत्री ठेवली मी. पुरे झालं. तू खा."

मी खाल्लं. एक संत्रं सोलून, शिरा काढून, फोडी वेगळ्या करून खाल्लं. चहा घेतला. साडेपाचच्या गाडीने परत आले.

तेव्हापासून मी हा हिशोब मांडू पाहते आहे — सवयीने, कारण मला दुसरं काही करता येत नाही. मेईचं खरंच काय झालं? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, आणि माझ्या डिस्कवरचा फोटोही ते सांगत नाही. तो फक्त एवढंच सांगतो, की त्या दिवशी सकाळी ब्राउनश्वाइगमध्ये त्या देवाचे ओठ शाबूत होते. आई निर्दोष होती असं त्यातून सिद्ध होत नाही. पण तिच्याविरुद्ध पुरावा नव्हता, हे सिद्ध होतं. फ्राउ लिन अठ्ठावन्न वर्षं पुराव्याशिवाय जगल्या, आणि त्या न-कळण्यात त्यांनी आईच्या बाजूने कौल दिला होता. ठरवलं, म्हणाल्या होत्या त्या. ती निवड त्यांची होती, आणि ती मी त्यांच्या हातातून काढून घेतली — एका नोकरीसाठी, जी मला बहुधा त्याशिवायही मिळाली असती. बहुधा. तपासून पाहिलं नाही.

चित्र आता नाही. त्यामुळे फ्राउ लिनच्या आईच्या बाजूने जगात जी एक वस्तू उरली आहे ती माझ्याकडे आहे, नाशिकच्या श्रावणातल्या फोटोंमध्ये, खोट्या नावाखाली.

प्रोफेसरांना आणि संग्रहालयाला लिहिलेली पत्रं टेबलावर आहेत. त्या फोटोची मूळ फाइल सोबत जोडली आहे, तिच्यात यंत्राने आपोआप नोंदवलेली लेसरची ताकदही आहे, आणि चौथं प्रकरण मी मागे घेते आहे असं पहिल्याच वाक्यात लिहिलं आहे. पदवीचं काय करायचं ते ते ठरवतील. पत्रं सोमवारी जातील. त्याआधी एक काम आहे.

हे सगळं मी मराठीत का लिहिलं, हेही सांगायला हवं. या गोष्टीतल्या कुणालाही मराठी वाचता येत नाही — प्रोफेसरांना नाही, परीक्षकांना नाही, फ्राउ लिनना नाही. हा योगायोग नाही. इथे मला आडोसा आहे. तुम्हाला सांगणं सोपं होतं. फक्त आईला वाचता येतं, आणि ती वाचेल तेव्हा तिला आपला प्रश्न आठवेल.

उद्या सकाळच्या गाडीने मी ब्राउनश्वाइगला जाते आहे. पिशवीत तो फोटो आहे, मोठा करून छापलेला: शेंदरी ओठ, कडेला किंचित ओसंडलेला रंग. कागदावरच्या जर्मनमध्ये मी यावर चार पानं लिहू शकते. स्वयंपाकघरातल्या जर्मनमध्ये मला दोनच वाक्यं लागतील. ती पाठ करायची गरज नाही.

तुमच्या आईने त्याच्या तोंडाला हात लावला नव्हता. ते मी जाळलं.